मामाची विहीर आणि सीओडीचा आकडा

पुढे कचऱ्याचा कॉम्पॅक्टर चालला असला की मागचे दुचाकीवाले काय करतात ते कधी बघा. आधी श्वास रोखतात, मग वेग कमी करतात, आणि शेवटी कुठूनतरी फट काढून त्याला ओव्हरटेक करतात. नाकाला वास झोंबतो हे तर आहेच, पण खरी भीती असते ती मागच्या फळकुटातून ठिबकणाऱ्या काळसर पाण्याची. सिग्नलला गाडी थांबली की रस्त्यावर त्याचं छोटं थारोळं होतं. एकदा बुटावर उडालं की दोन दिवस वास जात नाही.

या पाण्याला नाव आहे: लिचेट. महापालिकेच्या टेंडरपासून गावकऱ्यांच्या निवेदनापर्यंत सगळे हाच शब्द वापरतात. माझ्या आजोळी तर शाळेतली पोरंसुद्धा वापरतात, कारण गावाच्या वरच्या अंगाला शहराचा कचरा डेपो आहे. शहराचं आणि गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. तसं लिहून विशेष फरकही पडणार नाही. देवनारला १९२७ पासून कचरा पडतोय. उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या लोकांनी डेपोविरुद्ध किती आंदोलनं केली ते पुण्यात राहणाऱ्याला सांगायला नको. औरंगाबादजवळ नारेगावच्या लोकांनी २०१८ मध्ये कचऱ्याच्या गाड्याच अडवल्या होत्या. मडगावचा सोनसोडो, नागपूरची भांडेवाडी. प्रत्येक मोठ्या शहराला असं एक गाव लागतं.

तर गेल्या वर्षी मामांनी व्हॉट्सअ‍ॅपवर एक फोटो पाठवला. डेपोवर लिचेट प्रक्रिया प्रकल्प सुरू झाला होता आणि त्याच्या तपासणीचा रिपोर्ट गावाच्या ग्रुपवर फिरत होता. आउटलेटचा सीओडी २५०च्या आत, बीओडी ३०च्या आत, शेवटी शेरा: मर्यादेत. खाली मामांचा व्हॉइस मेसेज. "अगं, तू इंजिनियर ना? हे वाच आणि सांग. विहिरीचं पाणी आता म्हशींना पाजायला चालंल का?"

मी सॉफ्टवेअरवाली. पण आमच्याकडे इंजिनियर म्हणजे इंजिनियर, त्याने मिक्सरपासून लिचेटपर्यंत सगळं सांगायचं. शिवाय प्रश्न विहिरीचा होता. लहानपणी उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही त्याच विहिरीत पोहायला शिकलो, पाठीला वाळलेले भोपळे बांधून. गेली दहा-बारा वर्षं तिचं पाणी कोणी पीत नाही. टँकर येतो. म्हणून मी वाचायला बसले, आणि दोन महिन्यांनी लक्षात आलं की मामांच्या प्रश्नाचं उत्तर त्या रिपोर्टमध्ये नव्हतंच.

आधी हे पाणी येतं कुठून? आपल्याकडच्या घरगुती कचऱ्यात निम्म्याच्या आसपास ओला कचरा असतो. भाजीची देठं, कलिंगडाच्या साली, उरलेली आमटी. ढिगाच्या वजनाखाली त्यातलं पाणी पिळून निघतं. वर चार महिने पाऊस. गाळणीतल्या चहाच्या चोथ्यावरून पुन्हा पुन्हा पाणी ओतावं तसं पावसाचं पाणी ढिगातून झिरपतं आणि वाटेत जे जे विरघळेल ते बरोबर घेऊन तळाशी येतं.

पण हा चोथा जिवंत असतो. सुरुवातीला ढिगात थोडीफार हवा असते, ती काही दिवसांत संपते. मग हवेशिवाय जगणारे जीवाणू कामाला लागतात आणि पिष्ट, प्रथिनं, चरबी मोडून त्यांची आम्लं करतात. अ‍ॅसेटिक आम्ल म्हणजे व्हिनेगर. ब्युटिरिक आम्ल म्हणजे खवट लोण्याचा किंवा ओकारीचा वास. कॉम्पॅक्टरमागे जो वास येतो त्यात यांचा मोठा वाटा असतो. या तरुण लिचेटचा सीओडी लिटरला दहा-वीस हजार मिलिग्रॅमच्याही वर जातो. ऐकायला भयंकर वाटतं, पण यातली बरीच घाण जीवाणूंच्या दृष्टीने सोपा खुराक असतो. नीट हवा दिली की ते फडशा पाडतात.

काही वर्षं गेली की ढिगात मिथेन करणारे जीवाणू स्थिरावतात आणि ती आम्लं खाऊन टाकतात. वास कमी होतो, सीओडी उतरतो, आणि मागे उरतं ते कोणालाच न पचणारं: ह्युमिक आणि फल्विक आम्लं, म्हणजे शेणखताला काळा रंग देणाऱ्या पदार्थांचे भाऊबंद, आणि भरपूर अमोनिया. म्हाताऱ्या लिचेटचा रंग कोऱ्या चहासारखा असतो. लोकांना वाटतं की वास गेला, म्हणजे पाणी सुधारलं. प्रक्रिया करणाऱ्यासाठी मात्र हेच पाणी जास्त अवघड.

तरुण की म्हातारं, हे ओळखायला एक सोपं गुणोत्तर आहे: बीओडी भागिले सीओडी. बीओडी म्हणजे जीवाणूंना पचेल तेवढा सेंद्रिय माल. आपल्याकडे तो २७ अंशांवर तीन दिवस ठेवून मोजतात. सीओडी म्हणजे रसायनाने जाळता येईल तेवढा. त्यासाठी नमुना पोटॅशियम डायक्रोमेट आणि गंधकाम्लात दीडशे अंशांवर दोन तास तापवायचा. गुणोत्तर अर्ध्याच्या वर असेल तर लिचेट तरुण, ०.१च्या खाली असेल तर म्हातारं. (जाता जाता: या चाचणीत क्लोराइडने गडबड करू नये म्हणून पारा घालतात. म्हणजे घाण मोजायच्या नळीत उरतो तो स्वतःच घातक कचरा. हे वाचून मी एकटीच हसले होते.)

सीओडीचा आकडा मला माझ्या कामातून चटकन समजला. आमच्याकडे सर्व्हरचा डॅशबोर्ड असतो, त्यावर एकूण लोड दिसतो. लोड ८० टक्के आहे, २० टक्के आहे. पण आत कोणता प्रोसेस चालू आहे हे त्या आकड्यावरून कळत नाही. लोड २० टक्के असताना एखादा छोटासा प्रोसेस निवांतपणे तुमचा डेटा बाहेर पाठवत असू शकतो. सीओडीचं तसंच. साखर असो, ह्युमिक आम्ल असो की फिनॉल, सगळ्यांची मिळून एक बेरीज. आणि बेंझिनसारखी काही संयुगं डायक्रोमेटलाही पुरती दाद देत नाहीत, म्हणजे त्या बेरजेतही ती अर्धवटच धरली जातात.

मग त्या बेरजेच्या आड कोण कोण असतं? इथे माझं वाचन फार हळू झालं, कारण यादीतली प्रत्येक वस्तू माझ्या घरात होती.

थॅलेट्स. पीव्हीसी मुळात कडक असतं. त्याला मऊ करायला हे तेलकट पदार्थ मिसळतात. रेक्झिनचं कव्हर, शॉवरचा पडदा, वायरीचं आवरण, सलाइनची पिशवी. ते प्लॅस्टिकला रासायनिक बंधाने जोडलेले नसतात, नुसते आत बसलेले असतात, त्यामुळे वर्षानुवर्षं हळूहळू बाहेर झिरपत राहतात. बिस्फेनॉल ए: एटीएमची स्लिप, हॉटेलचं बिल, असा जो कागद नखाने ओढला की काळा होतो, त्यातल्या बऱ्याच कागदांवर हा असतो. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जपानी अभ्यासात घातक कचऱ्याच्या भरावांमधल्या लिचेटमध्ये तो लिटरला १.३ पासून १७,२०० मायक्रोग्रॅमपर्यंत सापडला होता. एवढा मोठा पल्ला बघितला की एका डेपोवरून दुसऱ्याचा अंदाज का बांधू नये ते कळतं. पुढे बेंझिन, टोल्युइन, झायलिन ही थिनर आणि रंगाच्या डब्यांची मंडळी. कीटकनाशकं. मुदत संपलेल्या गोळ्या. आणि पीफास. नॉनस्टिक तवा, पाणी न धरणारं जॅकेट, तेल न पिणारा खाण्याचा कागद यांतली फ्लोरिनची संयुगं. कार्बन आणि फ्लोरिनचा बंध इतका घट्ट असतो की निसर्गातल्या जीवाणूंचा त्याच्यापुढे फारसा पाड लागत नाही.

आता प्रकल्पात काय होतं ते बघू. प्रकल्प म्हणजे सहसा टाक्यांची रांग असते. एका टाकीत खालून हवेचे बुडबुडे सोडतात, जीवाणूंचा गाळ पाण्यात घुसळत राहतो, मग हवा बंद करून गाळ खाली बसू देतात आणि वरचं पाणी काढून घेतात. पुढे गाळण्या, सक्रिय कोळसा, आणि पैसे असतील तर आरओ.

या टाकीत आलेल्या रेणूच्या नशिबी चार गोष्टी असू शकतात. जीवाणूंनी त्याला खाऊन त्याचा कार्बन डायऑक्साइड केला, तर प्रश्न मिटला. व्हिनेगरसारखी आम्लं अशी जातात. बिस्फेनॉल ए सुद्धा ढिगात, हवेशिवाय, चिवट असतो, पण हवा मिळाल्यावर बऱ्यापैकी मोडतो. दुसरी शक्यता, रेणू हवेत उडून जातो. बेंझिन आणि टोल्युइनचा काही भाग बुडबुड्यांबरोबर वर जातो. आउटलेटला ते दिसत नाहीत, मात्र प्रकल्पावर काम करणाऱ्याच्या नाकात जातात. तिसरी, तो गाळाला चिकटतो. थॅलेट्समधला सगळ्यात प्रसिद्ध डीईएचपी पाण्यात जेमतेम विरघळतो. तो पाणी सोडून गाळावर जाऊन बसतो. पाण्याचा रिपोर्ट सुंदर येतो आणि गाळ ट्रॅक्टरमधून पुन्हा डेपोवर, नाहीतर खत म्हणून कुणाच्या तरी शेतात. अमेरिकेतल्या मेन राज्यात असा सांडपाण्याचा गाळ वर्षानुवर्षं शेतांत पसरला गेला. त्यातलं पीफास चाऱ्यात आणि दुधात निघालं, काही डेअऱ्या बंद पडल्या, आणि २०२२ मध्ये त्या राज्याने गाळ शेतात टाकण्यावर बंदी आणली. मामांनी म्हशींचं विचारलं होतं, म्हणून हे मी दोनदा वाचलं.

चौथी शक्यता, रेणू तसाच पार निघून जातो. किंवा, आणि हे मला सगळ्यात चमत्कारिक वाटलं, प्रक्रियेनंतर वाढतो. पीफासच्या कुटुंबात हजारो रेणू आहेत. प्रयोगशाळा त्यातले ठराविक मोजतात. हवेच्या टाकीत जीवाणू मोठ्या, न मोजल्या जाणाऱ्या रेणूंची शेपटी कुरतडतात, पण फ्लोरिनच्या भागाशी पोचल्यावर थांबतात. उरलेला तुकडा नेमका मोजल्या जाणाऱ्या यादीतला. त्यामुळे अनेक ठिकाणी इनलेटपेक्षा आउटलेटला त्यांचं प्रमाण जास्त भरलेलं आहे. प्रकल्पाने ते तयार केलं असं नाही, लपलेलं होतं ते उघड्यावर आणलं. पण तुमच्या कोडमध्ये 'आउटपुट हा इनपुटपेक्षा कमीच असणार' असं गृहीत धरलेलं असेल तर इथे ते तुटेल.

जीवाणूंना जे जमत नाही त्यासाठी रसायनं आहेत. हेन्री फेंटन नावाच्या ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञाने १८९४ मध्ये लोह आणि हायड्रोजन पेरॉक्साइड एकत्र आणल्यावर होणाऱ्या जोरदार ऑक्सिडीकरणाबद्दल लिहिलं. आज म्हाताऱ्या लिचेटवर तीच युक्ती वापरतात. पाणी आम्लधर्मी करायचं, सामू ३च्या आसपास, मग लोह आणि पेरॉक्साइड घालायचं. ह्युमिक आम्लांचे तुकडे पडतात, रंग उतरतो. मग चुना घालून आम्ल मारायचं, आणि लोहाचा लालसर गाळ सांभाळायचा. पुन्हा गाळ! ओझोनही तुकडे पाडतो, वीज भरपूर खातो. पीफासला ओझोनने विशेष काही होत नाही.

आरओबद्दल आपल्या मनात आदर असतो, कारण तो घराघरात भिंतीवर लटकलेला असतो. लिचेटसाठीही तो खरंच चांगलं पाणी देतो. पण आरओ काहीच नष्ट करत नाही. एका बाजूला स्वच्छ पाणी, दुसऱ्या बाजूला सगळी घाण कमी पाण्यात गोळा केलेली. ते घट्ट पाणी आटवायचं, नाहीतर परत ढिगावर सोडायचं. जगभर बरेच प्रकल्प ते ढिगावर सोडतात. माझ्या मते याला प्रक्रिया म्हणण्यापेक्षा फाइल एका फोल्डरमधून दुसऱ्यात हलवणं म्हणावं. सक्रिय कोळशाचंही तेच. रेणू कोळशात बसतो, मग कोळसा भट्टीत नेऊन भाजला तरच त्याचा शेवट होतो. भाजणार कोण, हे प्रकल्पाचं बजेट वाचून कळतं.

आणि नियम? घनकचरा व्यवस्थापनाच्या २०१६ च्या नियमांत लिचेट नदी-नाल्यात सोडण्यासाठी मर्यादांचा एक तक्ता दिला होता. बीओडी ३०, सीओडी २५०, अमोनियाचा नायट्रोजन ५०, फिनॉलची संयुगं १ मिलिग्रॅम प्रति लिटर, शिवाय शिसं, पारा, आर्सेनिक, सायनाइड. २००० सालच्या नियमांतही हेच आकडे होते. थॅलेट नव्हतं, बिस्फेनॉल नव्हतं, पीफास नव्हतं. अमेरिकेने २०२४ मध्ये पिण्याच्या पाण्यात पीफासमधल्या दोन प्रमुख रेणूंसाठी मर्यादा ठरवली ती लिटरला ४ नॅनोग्रॅम. २५० मिलिग्रॅम म्हणजे २५ कोटी नॅनोग्रॅम. एक मर्यादा पिण्याच्या पाण्याची आहे आणि दुसरी सांडपाण्याची, त्यांची थेट तुलना होत नाही हे कबूल. पण २५ कोटींच्या बेरजेत ४ शोधायचे असतील तर ती बेरीज उपयोगाची नाही, एवढं कुणालाही पटेल.

हे सगळं वाचून झाल्यावर मी आजोळी गेले. ओसरीवर बसून मामांना सांगायला लागले आणि पाचव्या मिनिटाला त्यांनी मला अडवलं. "ते राहू दे. रिपोर्ट नळीचा आहे का विहिरीचा?"

नळीचा. हाच खरा मुद्दा होता आणि तो त्यांना माझ्याआधी कळला होता. रिपोर्ट आज टाकीतून बाहेर पडणाऱ्या पाण्याचा. विहिरीत येतं ते बऱ्याच वर्षांपूर्वी ढिगाखालून निसटलेलं. २००० सालच्या नियमांनी भरावाखाली दीड मिलिमीटर जाडीचं प्लॅस्टिकचं अस्तर आणि त्याखाली ९० सेंटीमीटर घट्ट मातीचा थर सांगितला. मामांच्या गावचा डेपो त्याच्या आधीपासूनचा, जुन्या दगडखाणीत. खाली अस्तर वगैरे काही नाही. आमच्याकडचा काळा पाषाण स्वतः पाणी पीत नाही, पण वरचा मुरूम आणि दगडातल्या भेगा पीतात, आणि विहिरी खणतात त्या नेमक्या तशा जागी.

जमिनीखाली काही सुधारणाही होते, हे सांगायला हवं. डेन्मार्कमध्ये व्हेयेन आणि ग्रिंडस्टेड इथल्या जुन्या भरावांखालच्या भूजलाचा फार बारकाईने अभ्यास झाला आहे. तिथे भरावापासून लांब जावं तसे जमिनीतले जीवाणू बदलत जातात, आणि बरीचशी सेंद्रिय संयुगं वाटेत नाहीशी होतात. मेकोप्रॉप नावाचं तणनाशक मात्र चिवटपणे पुढे गेलं. पण ती वाळूची जमीन. वाळूत पाणी संथ जातं, प्रत्येक कणाला घासत जातं. दगडाच्या भेगेत ते नळातून यावं तसं येतं. डेन्मार्कचा दिलासा मुरमाला जसाच्या तसा लावता येत नाही.

मामी चहा घेऊन आल्या. "उकळून घेतलं तर?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, मामी, उकळल्याने जंतू मरतात. बेंझिनसारखं उडणारं तुमच्या स्वयंपाकघरात उडेल. बाकीचं भांड्यातच राहील, आणि पाणी आटलं तेवढं दाट होईल. मामी म्हणाल्या, "म्हणजे टँकर चालू राहू दे."

मग ठरलं की विहिरीचं पाणी तपासायचं. सगळं तपासायला परवडणार नाही, म्हणून पायऱ्या केल्या. पहिली पायरी स्वस्त: क्लोराइड, अमोनिया, टीडीएस, सीओडी. क्लोराइडला जीवाणू खात नाहीत, ते मुरमाला फारसं चिकटतही नाही, त्यामुळे लिचेट येत असेल तर त्याची वर्दी सहसा तेच आधी देतं. पण क्लोराइड गटारातूनही येतं. म्हणून आमच्या विहिरीबरोबर डेपोच्या वरच्या अंगाच्या एका विहिरीचाही नमुना घ्यायचा, तुलनेला. फरक दिसला तरच दुसरी पायरी: थॅलेट्स, फिनॉल, बेंझिनची मंडळी, आणि जमलं तर पीफास. त्याला एनएबीएल मान्यतेची, तसली यंत्रं असलेली प्रयोगशाळा लागते आणि खर्च चांगलाच चढतो. गावातल्या चार जणांनी वर्गणीची तयारी दाखवली.

मामांनी घरातून बिसलेरीची रिकामी बाटली आणली. "यात भरू?"

नको. थॅलेट शोधायचं तर प्लॅस्टिकची बाटली चालत नाही, तिच्यातलंच उतरलं तर काय घ्या. त्यासाठी तपकिरी काचेची बाटली, आणि झाकणाला आतून टेफ्लॉनचा थर. पीफास शोधायचं असेल तर उलटं, तिथे ठराविक प्रकारची प्लॅस्टिकची बाटली लागते आणि टेफ्लॉनचं झाकण अजिबात चालत नाही, कारण टेफ्लॉन त्याच घराण्यातलं. प्रयोगशाळाच दोन्ही बाटल्या पाठवते.

मामांनी बाटली बाजूला ठेवली. विहिरीकडे बघत थोडा वेळ बसले. मग म्हणाले, "पाणी पावसाच्या आधी घ्यायचं का नंतर?"

"दोन्ही वेळेला," मी म्हटलं.

"मग पहिल्याला दोन आठवडे हायेत," म्हणाले आणि वरच्या विहिरीच्या मालकाला फोन लावायला उठले.